पिवळी सकाळची, निळी संध्याकाळची

चौथा ठिपका फुगायला लागला तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. समोरच्या गच्चीवर एक बाई सतरंजी झटकत होती. सतरंजी कठड्यावर आपटायची आणि क्षणभरानं तिचा आवाज इकडे पोचायचा, आणि मी उगाच ते अंतर मनात मोजत बसलो होतो. माझा डावा हात टेबलावर उताणा पडलेला. मनगटापासून कोपरापर्यंत डॉक्टरीणबाईंनी पेनानं एक ते सहा आकडे घातले होते, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब ठेवला होता आणि त्या थेंबातून सुईचं टोक कातडीला जेमतेम लावलं होतं. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, खाजवायचं तर नाहीच नाही. पहिला थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो फुगता कामा नये. सहावा असा, की तो बहुतेक सगळ्यांच्याच हातावर फुगतो. मधले चार संशयित. चौथ्याला आधी खाज सुटली, मग डास चावल्यासारखी गांधी उठली आणि बघता बघता तिनं शेजारचा आकडाही गिळला. बाईंनी छोटी पट्टी लावून ती मोजली, कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, हे जिलेटिन.

मला हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं, पण आलं. सव्वीस वर्षं मी जिलेटिनमध्येच काढली आहेत. आमच्या कारखान्यात औषध बनत नाही; औषध ज्यात भरतात ती कॅप्सूलची रिकामी टरफलं बनतात. मोठ्या टाकीत जिलेटिनचा कोमट, दाट पाक असतो. पोलादी बोटांच्या रांगा त्यात बुडून वर येतात, गरम हवेच्या बोगद्यातून जातात आणि पलीकडे त्यांच्यावरून टोप्या आणि बुडं सोलून निघतात. टोपी बुडावर बसली की झाली एक रिकामी तयार. आम्ही त्यांना नुसतं ‘रिकामी’च म्हणतो. मी शेवटच्या खोलीत बसतो. खालून उजेड सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून दिवसाला लाखो रिकाम्या सरकतात आणि मी दोष काढतो. पिचकलेली, चिरलेली, बुडबुड्याची, टोपी तिरकी बसलेली. बोट आपोआप जातं आणि दोषी उचलतं. बायको म्हणते, तुम्ही माणसांनाही त्या पट्ट्यावरच ठेवता. ते खोटं नाही. तिच्या भावाच्या लग्नात मी मांडवाच्या दारातच उभा राहून सात चुका काढल्या होत्या, आणि त्यातली एकही काल्पनिक नव्हती.

मग बाईंनी विचारलं की रोज त्याच्याशी संबंध येतो म्हणजे नक्की कसा, हातमोजे असतात ना, तोंडावर पट्टी असते ना. मी हो म्हणालो. अर्धं खरं सांगितलं. मला काम शिकवणारा म्हातारा तपासनीस होता, सगळे त्याला मामा म्हणत. रिकामीत ओल किती राहिली हे सांगणारं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते सांगेपर्यंत निम्मा माल पुढे गेलेला असतो. मामांनी पहिल्याच दिवशी तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली, एक रिकामी उचलून खालच्या ओठाला लावली आणि म्हणाले, ओठाला लगेच कळतं. ओल जास्त असली की चिकटते, बेताची असली की अलगद सुटते. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती, माल तोंडाला लावू नये. मामा नेमके त्या पाटीखाली उभे राहून लावायचे. मीही लावत आलो, तासाला चार-पाच वेळा, सव्वीस वर्षं. पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी ओठ चुरचुरला. आरशात पाहिलं तर खालचा ओठ रुसलेल्या पोरासारखा पुढे आलेला. वाटलं, उष्णता झाली असेल. तीन दिवसांनी खोकल्यासाठी दवाखान्यातून कॅप्सूल आणली, जेवणानंतर घेतली आणि दहा मिनिटांत घसा आतून आवळायला लागला. माणूस अशा वेळी फार मोठा विचार करत नाही. मला एवढंच आठवलं की दुधाचं पातेलं गॅसवर आहे आणि बायकोला ते सांगायला आवाज फुटत नाही. तिनं मला गाडीत घातलं, दवाखान्यात मांडीत सुई बसली, आणि मी परत आलो. परत आलो म्हणजे काय, हे तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

औषधाचा दोष नाही, टरफलाचा आहे, बाई सांगत होत्या. त्यांचा आवाज बसका होता, दिवसातून दहा जणांना तेच सांगून थकलेला. शरीर पहिल्या भेटीत काही बोलत नाही म्हणाल्या. कित्येक वर्षं बोलत नाही. पाहून ठेवतं. मग एके दिवशी त्याची खात्री पटते की हा शत्रू आहे, आणि त्यानंतर कितीही थोडा दिसला तरी ते सगळं सैन्य घेऊन धावतं. जिलेटिननं तुमचं काहीच वाकडं केलेलं नसतं. नुकसान जे होतं ते त्या धावण्यानं होतं. मी विचारलं, मग ही खात्री चुकीची आहे हे शरीराला समजावता येत नाही का. बाई म्हणाल्या, फार अवघड असतं, एकदा धरलं की ते सहसा सोडत नाही. मग त्यांनी यादी दिली. कॅप्सूल नाही, जेलीच्या गोळ्या नाहीत, कुठलीही लस घेताना आधी सांगायचं, ऑपरेशनची वेळ आली तर आधी सांगायचं, आणि काम बदलायचं. आणि मग, बाहीचं बटण लावत मी उठतच होतो तेव्हा, त्यांनी रिवाजानं विचारावं तसं विचारलं, घरात आणखी कोणाला असं काही?

नाही, मी म्हणालो. मग म्हणालो, वडील गेले ते औषधाच्या ॲलर्जीनं, पण ते वेगळं, बहिणीनं चुकीचं औषध दिलं होतं. अकरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं होतं की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली.

“गोळी होती की कॅप्सूल?” त्यांनी विचारलं.

मी बाहीचं बटण लावत राहिलो. ते लागेना. छोटंसं पांढरं बटण आणि त्याचं काज, आणि माझी ती दोष काढणारी, कधी न चुकणारी बोटं. शेवटी बाईंनीच खुर्चीकडे हात केला आणि मी परत बसलो. त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की माणूस आयुष्यभर सरसाशी काम करत असेल तर? सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून करतात तो, पुस्तकं बांधायचा. बाई म्हणाल्या, तोही जिलेटिनच, ओबडधोबड. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांनी मी काहीच खात्रीनं सांगू शकत नाही, पण शक्य आहे. त्यांनी ‘शक्य आहे’ हे फार हळू म्हटलं, आणि त्यातच मला ते खात्रीचं वाटलं.

बाबा पुस्तकं बांधायचे. दोन खोल्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांची. सरसाचं भांडं पाण्याच्या भांड्यात बसवलेलं, खाली मंद आच, आणि तो वास, ओल्या जनावराचा आणि जुन्या कपाटाचा मिळून असावा तसा, आमच्या कपड्यांना, दप्तरांना, अंथरुणांना. शाळेत पोरं नाक धरायची. कुंचल्याचं टोक बाबा ओठांनी सारखं करत, शिवणारा माणूस दोरा ओला करतो तसं, आणि थुंकून टाकत. आई होती तेव्हा ती ओरडायची. पुढे साठीनंतर त्यांच्या पापण्या खाजायला लागल्या. मग एक दिवस त्यांनी सरसाचं भांडं घासून पुसून माळ्यावर टाकलं आणि पिठाची खळ शिजवायला घेतली. विचारलं तर म्हणाले, सरस आता मला सोसत नाही. आम्हाला वाटलं, वास सोसत नाही. आम्ही म्हणजे मी आणि धाकटी. धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, घरातली विसरभोळी. ती नळ सुरू ठेवायची, छत्री हरवायची, एकदा तर परीक्षेला वेगळ्याच दिवशी जाऊन बसली. घरात हा चेष्टेचा विषय होता आणि तीही हसायची. आता कळतं की ज्याच्यावर घर हसतं त्याच्यावर पुढे कधीही काहीही शेकवता येतं.

मी दवाखान्यातून बाहेर पडलो तो घराकडे गेलोच नाही. रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या बसच्या थांब्यावर उभा राहिलो. ऊन चांगलंच चढलं होतं. बायकोचा फोन आला, काय निघालं म्हणून. जिलेटिन, मी म्हणालो. “म्हणजे ते खाणीत स्फोटाला लावतात ते?” तिनं घाबरून विचारलं. ते नाही गं, म्हणालो, घरी आल्यावर सांगतो. बस आली. खिडकीशी जागा मिळाली आणि मी वाक्यं जुळवायला लागलो. धाकटे, तुझी काही चूक नव्हती. हे पहिलं. चूक माझी होती, मी आणलेल्या कॅप्सूलची होती. हे दुसरं. आणि इतकं होऊनही, खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात मला त्या वाक्यांचा अभिमान वाटत होता. अकरा वर्षांनी स्वतःहून जाऊन चूक कबूल करणारा मोठा भाऊ. तिला केवढं हलकं वाटेल, असं मी स्वतःलाच सांगत होतो. माणसाला स्वतःच्या पश्चात्तापाचंही कौतुक वाटतं, हे मला त्या बसमध्ये कळलं आणि लाज वाटली.

बाबांना दोन गोळ्या होत्या, हृदयासाठी, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. मोठ्या, खरबरीत, अर्धी तोडूनही घशात अडकायच्या. धाकटी कुटून द्यायची तर ती पूड इतकी कडू की बाबा दिवसभर जेवत नसत. मी म्हणालो, हात्तिच्या, मी कशासाठी आहे. वरच्या साहेबांना विचारून नमुन्यातल्या रिकाम्या आणल्या, दोन रंगांच्या, कारण विसरभोळीच्या हाती सगळं जायचं होतं. पिवळी सकाळची, निळी संध्याकाळची. दर रविवारी मी सकाळी जाऊन बसायचो. गोळ्या खलायच्या, पोस्टकार्डाच्या कोपऱ्यानं पूड बुडात भरायची, टोपी बसवायची, आणि हो, बसवण्याआधी एकेक रिकामी ओठाला लावून बघायची, की बाबांच्या कॅप्सूलला ओल नको. चौदा कॅप्सूल, दोन बाटल्या, आठवड्याची बेगमी. बाबा खाटेवर बसून बघायचे. म्हणायचे, काय सफाई आहे रे तुझ्या हाताला, बांधणीत आला असतास तर नाव काढलं असतंस. मी बांधणीत गेलो नाही हे त्यांना लागलं होतं. कारखान्यात जाऊन मी करतो काय हे त्यांना कधी नीट कळलंच नव्हतं. आता ते त्यांच्या तळहातावर होतं. आयुष्यात मी वडिलांसाठी केलेली ती सर्वांत चांगली गोष्ट होती. मी ती सगळ्यांना सांगायचो. अजूनही सांगत होतो, गेल्या महिन्यापर्यंत.

पहिल्या महिन्यात त्यांना त्रास झाला होता. जीभ खाजते म्हणाले, ओठ जड वाटतात. डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलली. तरी खाजलंच. संध्याकाळची बदलली. मी नव्या गोळ्या खलून नव्या रिकाम्यांत भरल्या. मग तक्रार थांबली. मला वाटलं, सवय झाली, गोळी मानवली. धाकटी फोनवर म्हणायची, बरे आहेत, काही नाही. तीन महिने असे गेले. आणि मग तो गुरुवार. कारखान्यात हवेतली ओल सांभाळणारं यंत्र बंद पडलं, सगळा माल मऊ पडायला लागला आणि पाळीला सकाळीच सुट्टी दिली. गुरुवारी मी कधी बाबांकडे जात नसे. त्या दिवशी आनंदात गेलो, अवचित सुट्टी मिळालेल्या पोरासारखा. दार उघडंच होतं. बाबा खाटेवर बसलेले, पुढ्यात पाण्याचा पेला. धाकटी त्यांच्यासमोर चमचा घेऊन उभी होती आणि मला बघताच ती गोंधळली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चमच्यात मध होता. तिनं तो घाईघाईनं बशीत ठेवला, बाटली उघडली, काहीतरी बाबांच्या हातावर ठेवलं. मी चपला काढत होतो. रंग पाहिला नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसले आणि गिळलं. वर पाणी प्यायले. मी कारखान्याच्या यंत्राची गोष्ट सांगायला लागलो आणि ती संपायच्या आत बाबा गळ्याला हात लावत होते.

ती गोंधळली होती. अकरा वर्षं माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता आणि मला तो पुरेसा होता. दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, सकाळी काय दिलं होतं, औषधाचीच रिॲक्शन दिसते. मी धाकटीकडे वळलो. काका होते, आत्या होती, शेजारी होते. “तू काय दिलंस त्यांना?” मी विचारलं. “निळी दिलीस ना? सकाळी निळी दिलीस.” ती भिंतीला टेकून उभी होती, हातात बाबांचा चष्मा. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. निळी ते रोज संध्याकाळी घेतच होते, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही; मी आणखी जोरात विचारलं. आत्यानं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, अगं, होतं विसरायला. त्या क्षणी ते कायमचं ठरून गेलं. त्यानंतर आम्ही भेटलो ते लग्नाकार्यातच, ताटाला ताट लावून न बसता. ती मला दादा म्हणायची, कसा आहेस विचारायची, आणि मी बरा आहे म्हणून दुसरीकडे बघायचो. तिचा चेहरा दिसला की माझ्या आत काहीतरी फुगून वर यायचं, घशाशी. मला तो बाबांवरच्या प्रेमाचा उमाळा वाटायचा.

बसमधून उतरल्यावर धाकटीच्या घरापर्यंत चालायला सात-आठ मिनिटं लागतात तिथे अर्धा तास लावला. एका दुकानासमोर थांबून कुलपं पाहिली. मला कुलूप नको होतं. चुकीच्या माणसाला शत्रू समजून सगळं सैन्य घेऊन धावायचं, हे शरीराचं म्हणून बाईंनी सांगितलं होतं, पण ते मी शरीराच्या कितीतरी आधी केलं होतं. सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या एकुलत्या एका बहिणीला मी बोटानं उचलून बाजूच्या डब्यात टाकलं, आणि त्याच बोटांनी भरलेली कॅप्सूल मात्र माझ्या नजरेतून निर्दोष सुटली. मला तिची भीती वाटायला लागली. ती ओरडली तर मी काय करणार, रडली तर काय करणार, आणि काहीच बोलली नाही तर.

रस्त्याकडची खोली तशीच आहे. ती आता धाकटीची. बाबांच्या मागे तिनं बांधणी सोडली नाही. लोखंडी दाबाच्या यंत्रात वह्यांचा गठ्ठा आवळलेला, खिडकीत दोऱ्यांची रिळं, स्टोव्हवर खळीचं पातेलं. सरसाचा वास कुठेच नव्हता आणि त्याच्या नसण्यानंच मला खोली एकदम ओळखीची आणि परकी वाटली. ती जमिनीवर बसून एका जाड पुस्तकाची पाठ शिवत होती. केस बरेच पांढरे झाले होते. मला दारात पाहून तिचा हात थांबला, सुई अर्धी आत, आणि ती गोंधळली. अगदी तशीच. तोच चेहरा. अकरा वर्षं जो मी गुन्ह्याचा चेहरा म्हणून सांभाळला होता, तो धाकटीचा अवचित कोणी आल्यावर होणारा साधा चेहरा होता.

ये, म्हणाली. कोणाला काही झालं का, म्हणाली. वहिनी बरी आहे ना? मी बसलो. तिनं पाणी दिलं. मी जुळवलेली वाक्यं सांगायला सुरुवात केली आणि ती पहिल्याच वळणावर विस्कटली, म्हणून मी सरळ बाही वर करून हात पुढे केला. गांधी अजून उतरली नव्हती, पेनाचे आकडेही तसेच होते. मी सांगत गेलो, ओठ, घसा, मांडीतली सुई, जिलेटिन, सरस, बाबांच्या पापण्या. तुझी काही चूक नव्हती, म्हणालो. तू पिवळीच दिली होतीस आणि ती बरोबरच होती. माझ्या टरफलानं बाबा गेले.

ती ऐकत होती. मी अपेक्षिलं होतं तसं तिच्या चेहऱ्यावर काहीच सुटलं नाही, हलकं झालं नाही. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला, चौथ्या आकड्याभोवतीच्या फुगवटीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिली. खळीला उकळी आली तशी हात लांब करून तिनं स्टोव्ह बंद केला.

“आम्ही फोडून घेत होतो, दादा,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग ती हळूहळू सांगत गेली, अधूनमधून थांबत, परक्याची गोष्ट सांगावी तशा सपाट आवाजात. पहिल्या महिन्यात जीभ खाजत होती ना, तेव्हा एकदा बाबांकडून कॅप्सूल घशाखाली उतरेना म्हणून तिनं ती उघडून पूड मधात घालून चाटवली. त्या दिवशी काही खाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोज तसंच. कडू लागायचं, पण मधात निभायचं, बाबा डोळे मिटून चाटायचे. ती म्हणाली होती, दादाला सांगूया, उगाच कशाला तो रविवार रविवार बसून भरतो. बाबा म्हणाले, नको. म्हणाले, त्याला तेवढंच एक माझ्यासाठी करता येतंय, करू दे. रविवारी तू बसायचास तेव्हा मी तिकडे तोंड करून हसत असायचे, ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

“मग त्या गुरुवारी?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. चमच्यात मध होता.

“तू दारात आलास,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर फोडायची कशी? मी चमचा ठेवला. बाबांनी बघितलं माझ्याकडे. मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय, फार तर जीभ खाजेल. त्यांनाही तसंच वाटलं असणार. मी पिवळी त्यांच्या हातावर ठेवली.”

बाहेरून एक हातगाडी गेली, तिच्या चाकाचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहिला. बाबा माझ्याकडे पाहून हसले होते. गिळण्याआधी. ते हसू मी इतकी वर्षं माझ्या अवचित येण्याच्या आनंदाचं म्हणून जपलं होतं. मी चपला काढत होतो आणि यंत्र बिघडल्याची गोष्ट सांगायची मला घाई झाली होती. पाच मिनिटं उशिरा पोचलो असतो तर. बस चुकली असती तर. दवाखान्यात, त्या सगळ्यांसमोर, ती नुसतं एवढं म्हणू शकली असती, की तू आलास म्हणून. ती म्हणाली नाही.

का नाही सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, राग आला होता. खूप आला होता. पहिली दोन वर्षं तर भांडी घासताना, शिवताना, रोज मनातल्या मनात सांगायचे तुला, एकेक शब्द निवडून. एकदा बसमध्ये बसून तुझ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आले होते. “मग वाटलं, तुला रोज उठून तिथेच जायचंय. दिवसभर त्याच कॅप्सूल बघत बसायचंय. सांगितलं असतं तर कसा गेला असतास? आणि हातावर ठेवली तर मीच होती ना. ते काही तू केलं नव्हतंस.”

मी मान खाली घातली. मी तिला सोडवायला आलो होतो. ती कधी अडकलेलीच नव्हती, माझ्या वाट्याचं ओझं घेऊन अकरा वर्षं माझ्याच समोरून चालत होती, आणि मी दुसरीकडे बघत होतो. मला रडू आलं. ते मोठ्या माणसाचं आवरतं रडू नव्हतं, नाक वाहणारं होतं. तिनं वह्या पुसायचं फडकं पुढे केलं. त्याला खळ लागलेली होती, ती गालाला चिकटली.

मग ती उठली आणि माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून आणला. सरसाच्या जुन्या भांड्यामागे ठेवला होता म्हणाली. झाकण घट्ट बसलं होतं, सुरीचं टोक घालून उचकटावं लागलं. आत रिकाम्या होत्या. पिवळ्या आणि निळ्या, तीन महिन्यांच्या, प्रत्येक फोडून रिकामी करून, टोपी पुन्हा बुडावर बसवून ठेवलेली. काही एकमेकींना चिकटल्या होत्या, काहींचा रंग उडाला होता. बाबा टाकू द्यायचे नाहीत, ती म्हणाली. मी चमचा धुवेपर्यंत ते स्वतःच टोपी बसवायचे, त्यांचा हात थरथरायचा तरी. म्हणायचे, त्यानं इतक्या निगुतीनं केलंय.

मी डब्यात हात घातला. अकरा वर्षांची टरफलं, आणि तरी बोटांना सगळं कळत होतं. ही पिचकलेली. हिची टोपी तिरकी. बाबांनी बसवलेल्या बहुतेक टोप्या तिरक्या होत्या. मी एक पिवळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, तिच्या आत तळाशी पांढरी पूड किंचित राहिली होती. ओल धरली असेल का, असं मनात आलं असावं. किंवा काहीच आलं नसेल. सव्वीस वर्षांचा हात आपला आपण वर गेला.

धाकटीनं माझं मनगट पकडलं.

“दादा, ओठाला नको,” ती म्हणाली. तिनं पिवळी माझ्या बोटांतून सोडवून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं, पण माझं मनगट मात्र सोडलं नाही.